कलाशिक्षणातील अध्ययन उपपत्ती

मूल कसे शिकते याविषयीच्या उपपत्तींचा कलाशिक्षकाला उपयोग होतो तो तीन निर्णयांत: आधी दाखवायचे की आधी करू द्यायचे, चूक केव्हा सुधारायची आणि मदत केव्हा काढून घ्यायची. एकच उपपत्ती सगळ्या कामांना लावली की तास बिघडतो.

हाताला वळण लावायचे असेल तिथे वर्तनवाद, म्हणजे प्रतिसाद आणि सरावातून सवय घडवण्याचा विचार, उपयोगी. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या मांडणीतली लहान पायरी, लगेच प्रतिसाद आणि सराव ही त्रयी जलरंगाच्या सपाट वॉशला (रंगाच्या एकसारख्या पातळ थराला) चपखल बसते. पुरेसा रंग आधीच कालवावा. बोर्ड साधारण १५ अंश उतरता ठेवावा. आडव्या फटकाऱ्याच्या खालच्या कडेला रंग साचू द्यावा, पुढचा फटकारा त्या ओल्या कडेला टेकवून ओढावा आणि शेवटी उरलेला रंग पिळलेल्या ब्रशने टिपावा. कोकणात पावसाळ्यात दमट हवेमुळे कागद लवकर वाळत नाही. मुले अर्धवट ओल्या थरावर पुन्हा ब्रश फिरवतात आणि डाग पडतात. ही मुलांची नव्हे, नियोजनाची चूक. जुलैत ऑइल पेस्टल घ्यावे, वॉश दिवाळीनंतर.

निरीक्षणाच्या कामात मात्र हीच रीत घात करते. फळ्यावरचे दोन डोंगर, सूर्य आणि माड उतरवून शाबासकी मिळाली, की रोज समुद्र पाहणारे मूलही तेच चित्र काढत राहते. इथे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांच्या विचारातून आलेला ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते हा विचार, हवा: अनुभव आधी, नियम नंतर. सपाट पुळणीवर ओढून ठेवलेल्या होडीसमोर मुलांना आधी बसवावे, मग उभे करावे. बसल्यावर क्षितिज होडीला खाली छेदते, उभे राहिल्यावर वर. क्षितिज डोळ्यांच्या पातळीवर असते हे मग सांगावे लागत नाही.

हे कोणत्या वयात करायचे, यासाठी कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मांडलेले बालचित्रांचे टप्पे पाहावेत. साधारण ७ ते ९ वर्षांचे मूल सगळे एका आधाररेषेवर उभे करते. होडीच्या आतली माणसे, पाण्याखालचे मासेही आरपार दाखवते. ते खोडायला लावू नये, कारण मूल दिसते ते नव्हे, माहीत असते ते काढत असते. साधारण ९ वर्षांनंतर 'खरे वाटत नाही' अशी तक्रार ते स्वतःच करू लागते. यथादर्शनाला (जवळचे मोठे, दूरचे लहान दाखवण्याच्या रीतीला) हात घालायची वेळ ती.

मदत केव्हा काढून घ्यायची, याचे उत्तर मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांच्याकडे मिळते. त्यांच्या मते मूल आज मदतीने जे करते ते उद्या एकटे करू शकते. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत याचे रूप दिसते: नवख्याकडे माती मळणे, साच्यातून काढलेल्या मूर्तीची सफाई; डोळ्यांची आखणी मात्र सरावलेल्या हाताकडे. शाळेत शाडूकाम घेताना हाच क्रम ठेवावा. जोड खरवडून पातळ मातीने चिकटवणे पहिल्या वेळी शिक्षकाने मुलासोबत करावे, दुसऱ्या वेळी फक्त आठवण द्यावी, तिसऱ्या वेळी गप्प राहावे. जोड सुटला तर तो का सुटला, हे आधी मुलालाच शोधू द्यावे.