दुपोंडियस की आस? आधी डोकं बघा

रोमन साम्राज्याच्या नाण्यांत चांदी-सोनं सोडून उरलेलं सगळं ‘ब्राँझ’ म्हणायची पद्धत आहे. त्यातली दोन नाणी नवशिक्याला हमखास चकवतात : दुपोंडियस आणि आस. दोन्ही साधारण अडीच-पावणेतीन सेंटिमीटरची, वजनातही फरक एक-दोन ग्रॅमचाच. किंमत मात्र दुप्पट. एका दुपोंडियसचे दोन आस, आणि 16 आस म्हणजे चांदीचा एक दिनारियस.

गंमत अशी, की यातलं खरं ब्राँझ एकही नाही. पहिला सम्राट ऑगस्टस याने चलन नव्याने बसवलं तेव्हा आस तांब्याचं झालं आणि दुपोंडियस पितळेचं. टाकसाळीतून आल्या आल्या एक लालसर, दुसरं सोन्यासारखं पिवळं. रोमन माणसाला विचार करावा लागत नसणार. दोन हजार वर्षं मातीत पडल्यावर दोन्ही सारखीच कळकतात. (म्हणून चिंच-मीठ घेऊन घासायला बसू नका. रंग दिसेल, पण नाणं हातचं जाईल.)

मग सम्राटाचं डोकं बघायचं. नीरोच्या काळापासून दुपोंडियसवर सम्राटाला सूर्याच्या किरणांसारखा टोकदार मुकुट दिसू लागतो. आसवर बहुधा लॉरेलच्या पानांची माळ किंवा उघडं डोकं. नीरोच्या काही दुपोंडियसवर तर मागे दोन उभ्या रेघाही आहेत, म्हणजे रोमन दोन. पण याच नीरोने काही आस पितळेचेच पाडले, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबणं धोक्याचं.

मुकुटही फसवतो. ऑगस्टसनंतरचा सम्राट टायबेरियस याने दिवंगत, देवपदाला गेलेल्या ऑगस्टसचे आस काढले. त्यांवर किरण आहेत! अग्रिपाचा आस तर माझा आवडता. हा सम्राट नव्हे, अ‍ॅक्टियमची आरमारी लढाई मारणारा सेनानी. नाणं काढलं त्याच्या नातवाने, सम्राट कॅलिग्युलाने. डोक्यावरचे उंचवटे झिजल्यावर किरणांसारखे वाटतात, पण नीट पाहिलं तर ती जहाजांची नाकं आहेत. मागे त्रिशूळ आणि डॉल्फिन घेतलेला नेपच्यून, दोन्ही बाजूंना एस आणि सी ही अक्षरं : ‘सिनेटच्या ठरावाने’.

खरी पंचाईत सम्राज्ञींची. फॉस्टिनाला किरणमुकुट नसतोच. केसांचा अंबाडा दोन्ही नाण्यांवर तोच. तिथे काठावर एखादा जुना ओरखडा शोधायचा आणि आतून पिवळं डोकावतंय की लाल, ते भिंगातून बघायचं.