रोल कोरा का निघतो? ३५ मिमी कॅमेरा प्रथमच वापरणाऱ्या ग्राहकांसाठी
आजोबांचा किंवा वडिलांचा कपाटात पडून राहिलेला यशिका, पेंटॅक्स किंवा झेनिट घेऊन आमच्या नौपाड्यातील दुकानात येणारे तरुण ग्राहक अलीकडे वाढले आहेत, याचा आम्हाला आनंदच आहे. अ‍ॅपर्चर, शटरचा वेग आणि रोलचा एएसए यांची ओळख बहुतेकांना असते, म्हणून ते येथे सांगत नाही. हे पत्रक एकाच तक्रारीसाठी छापले आहे : छत्तीस फोटो काढले, तरी रोल कोरा कसा आला?

दोष साहजिकच धुलाईला दिला जातो. म्हणून असा रोल आम्ही न कापता परत देतो. पट्टीच्या कडेला फिल्मचे नाव आणि क्रमांक दिसतात का, ते कृपया पाहावे. ते कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात आणि फोटोंप्रमाणेच रोल धुतल्यावर दिसू लागतात. क्रमांक स्पष्ट असून मधली जागा मोकळी असेल, तर धुलाई नीट झाली आहे, पण फिल्मवर प्रकाश पडलेला नाही. क्वचित शटर बिघडलेले असते. एरवी रोलचे टोक फिल्म गुंडाळून घेणाऱ्या स्पूलमधून निसटलेले असते. कॅमेऱ्यावरील आकडा तरीही पुढे सरकत राहतो, कारण तो फिल्म पुढे सरकवणाऱ्या लिव्हरचे ओढणे मोजतो, फिल्मचे सरकणे नव्हे. तलावपाळीवर ‘चाळीस’ फोटो काढूनही रोल संपेना, तेव्हा एका ग्राहकाला शंका आली.

चूक बहुधा काटकसरीतून होते. सुरुवातीचा एखादा फोटो वाया जाऊ नये म्हणून टोक स्पूलच्या खाचेत जेमतेम अडकवून झाकण लावले जाते. तसे न करता, फिल्मच्या दोन्ही कडांची छिद्रे दात्यांवर बसेपर्यंत झाकण उघडे ठेवूनच लिव्हर ओढावा. झाकण लावल्यावर रिवाइंडचा (फिल्म परत डबीत गुंडाळण्याचा) नॉब बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून ढिलाई काढावी, आणि पुढे लिव्हर ओढताना तो नॉब उलट दिशेने फिरतो का, याकडे लक्ष ठेवावे. नॉब फिरला, तरच फिल्म सरकली. (जुन्या आग्फा क्लिक थ्रीला मागे लाल खिडकी होती, तीत क्रमांकच दिसत, तेथे हा प्रश्न नव्हता.)

रोल घेताना ‘रिवाइंडला किती फेरे लागले?’ असे आम्ही विचारतो, ते उगाच नव्हे. दोन-तीन फेऱ्यांतच नॉब सैल झाला असेल, तर फिल्म डबीतच राहिलेली असते. काढलेले फोटो गेले, पण रोल शाबूत असतो. आम्ही त्याचे टोक बाहेर काढून तो पुन्हा भरून देतो. एकदा रसायनात गेला की तो कायमचा गेला. रंगीत रोलची रसायने ३८ अंशांवर राखावी लागतात आणि कोऱ्या रोललाही तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे धुलाईचे शुल्क आम्ही परत करत नाही.

आमच्याकडून रोल घेणाऱ्यांना पहिला रोल आम्ही समोर बसवून भरायला शिकवतो आणि घरी सरावासाठी एक बाद रोल विनामूल्य देतो. कॅमेरा आणताना मात्र मागचे झाकण उघडून पाहू नये. रिवाइंडचा नॉब बाणाच्या दिशेने हलकेच फिरवावा. तो ताठ लागला, तर आत कोणाचा तरी अर्धा राहिलेला रोल असण्याची शक्यता आहे, आणि तो आम्ही अंधारात काढून देऊ.