जी-सिंक कम्पॅटिबल: मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्डाच्या जोडीची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या राजारामपुरीत गेमिंग मॉनिटर बघायला गेलं की खोक्यावर चार-पाच शिक्के दिसतात: फ्रीसिंक प्रीमियम, जी-सिंक कम्पॅटिबल, 1 एमएस, एचडीआर, 180 हर्ट्झ (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा). यातले पहिले दोन दोन कार्ड कंपन्यांच्या जुन्या भांडणातून आलेत. कार्ड घेऊन झाल्यावर त्याला साजेसा मॉनिटर बजेटमध्ये बसवताना अजूनही बहुतेक चुका त्या भांडणाच्या उरलेल्या धाग्यांमुळेच होतात.

जाड काचेच्या जुन्या मॉनिटरवर 85 हर्ट्झ ही नेहमीची गोष्ट होती, कारण 60 वर चित्र लुकलुकायचं. एलसीडी लुकलुकत नसे, त्यामुळे सगळा बाजार 60 वर येऊन थांबला. 2009 मध्ये 120 हर्ट्झचे पहिले एलसीडी आले ते थ्रीडी चष्म्यासाठी, गेमिंगचा वेग हा त्यांचा जोडफायदा. 2012 मध्ये 144 हर्ट्झ आले. त्या काळात आपल्याकडे 19-20 इंची मॉनिटर व्हीजीए केबलवर चालायचा आणि कोणाला त्यात वावगं वाटत नसे.

खरा पेच वेगळाच होता. मॉनिटर ठरलेल्या ठेक्यावर चित्र बदलतो: 60 हर्ट्झवर दर 16.7 मिलिसेकंदांनी, 144 वर दर 6.9 मिलिसेकंदांनी. कार्डाच्या फ्रेम (तयार केलेली चित्रं) मात्र तशा ठेक्यात येत नाहीत. मोकळ्या मैदानात सेकंदाला 90, धूर-आग-गर्दीत 45. ठेका चालू असताना मधेच नवी फ्रेम आली की वरचा अर्धा भाग जुना, खालचा नवा, म्हणजे टिअरिंग. व्ही-सिंक, म्हणजे कार्डाला ठेक्याशी बांधणारी सेटिंग, लावला तर फ्रेम पुढच्या ठेक्यापर्यंत ताटकळते आणि माउस जड वाटायला लागतो. स्वस्त कार्डवाल्यालाच हा त्रास सर्वांत जास्त, कारण त्याच्याच फ्रेम खाली-वर होतात.

ऑक्टोबर 2013 मध्ये एनव्हिडिया या मोठ्या कार्ड कंपनीने (जीटीएक्स, आरटीएक्स कार्डं तिचीच) उपाय जाहीर केला: कार्डाची फ्रेम येईपर्यंत मॉनिटरने थांबायचं. नाव जी-सिंक. त्यासाठी मॉनिटरच्या आत कंपनीचं स्वतःचं मॉड्यूल बसवावं लागे. एका 24 इंची 144 हर्ट्झ मॉडेलसाठी ते सुटं विकलं गेलं तेव्हा त्याचीच किंमत 199 डॉलर होती. जानेवारी 2014 मध्ये प्रतिस्पर्धी एएमडीने (आरएक्स कार्डं तिचीच) तेच काम मॉड्यूलशिवाय करून दाखवलं. त्याच वर्षी डिस्प्लेपोर्ट (मॉनिटर जोडायच्या पोर्टचा एक प्रकार) 1.2ए या मानकात अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक हा ऐच्छिक भाग, म्हणजे हीच थांबण्याची सोय, घातला गेला आणि मार्च 2015 पासून त्यावर बेतलेले, एएमडीच्या ‘फ्रीसिंक’ नावाचे मॉनिटर विक्रीला आले. फ्रीसिंकसाठी मॉनिटरवाल्यांना शुल्क नव्हतं, म्हणून ते साध्या 75 हर्ट्झच्या मॉनिटरमध्येही आलं.

इथून चार वर्षं विचित्र गेली. लोकांच्या पीसीत जीटीएक्स 1050 टीआय आणि 1060, आणि परवडणारा मॉनिटर फ्रीसिंकचा. दोघांत डिस्प्लेपोर्ट असूनही कार्ड त्या सोयीला हात लावत नसे. ज्यांना आरएक्स 580 घ्यायचं होतं त्यांचा रस्ता 2017-18 च्या क्रिप्टो मायनिंगने (कार्डांवर आभासी चलन कमावण्याने) अडवला. कार्डं मिळेनात, मिळाली तर दामदुपटीने.

मग जानेवारी 2019 आला. 15 तारखेच्या एनव्हिडियाच्या 417.71 ड्रायव्हरपासून (ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) जीटीएक्स 10 मालिकेपासून पुढची कार्डं अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक मॉनिटरवरही चालायला लागली. हा निर्णय किमान तीन वर्षं उशिरा झाला, आणि झाला तोही अर्धवट. त्यासोबत ‘जी-सिंक कम्पॅटिबल’ हा नवा शब्द आला आणि त्याने आजतागायत गोंधळ घातलाय. घोषणेच्या वेळी 400 मॉनिटर तपासून 12 पास झाले असं सांगण्यात आलं. ऐकणाऱ्याने अर्थ घेतला की उरलेले 388 चालतच नाहीत. तसं अजिबात नव्हतं. पास झालेल्या मॉनिटरवर सोय आपोआप चालू होते. बाकीच्यांवर ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन हाताने टिक करावी लागते, आणि त्यातले कित्येक मग विनातक्रार चालतात.

म्हणजे एकाच नावाखाली तीन गोष्टी आहेत. नुसतं ‘जी-सिंक’ लिहिलं असेल तर पूर्वापार अर्थ आत मॉड्यूल आहे, किंमत त्यानुसार. ‘जी-सिंक कम्पॅटिबल’ म्हणजे साधा अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक मॉनिटर, पण तपासणीतून गेलेला. आणि तिसरा, शिक्का नसलेला, नशिबावर सोडलेला. तपासणीची एक अट कामाची होती: मॉनिटरचा वरचा रिफ्रेश (हर्ट्झचा आकडा) खालच्याच्या किमान 2.4 पट हवा. 60 ते 144 बसतो. 48 ते 75 मुळातच बाद. ही अट जाचक आहे असं तेव्हा बरेच जण म्हणाले, पण तिच्यामागचं गणित पक्कं आहे. 48 ते 144 च्या मॉनिटरवर फ्रेम 40 वर घसरल्या तर ड्रायव्हर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून मॉनिटर 80 हर्ट्झवर चालवतो. 48 ते 75 च्या मॉनिटरवर 80 ला जागाच नाही, त्यामुळे 48 च्या खाली गेलं की पुन्हा टिअरिंग किंवा अडखळणं. स्वस्त कार्ड नेमकं तिथेच घसरतं.

अर्धवटपणा दोन ठिकाणी राहिला. जीटीएक्स 960, 970 वाले बाहेरच राहिले. आणि सोय फक्त डिस्प्लेपोर्टवरून मिळाली. स्वस्त 75 हर्ट्झच्या कित्येक मॉनिटरना मागे एचडीएमआय आणि व्हीजीए एवढंच असतं. एचडीएमआयवरचं फ्रीसिंक ही एएमडीची स्वतःची व्यवस्था, जीटीएक्सला ती कळत नाही. तोच मॉनिटर आरएक्स 570 ला लावला तर चालतो, जीटीएक्स 1650 ला लावला तर नाही. सेकंडहँड मॉनिटर बघताना म्हणून आधी पाठ फिरवून पोर्ट बघावेत, मग स्क्रीन. एचडीएमआय 2.1 मधला व्हीआरआर (फ्रेमनुसार बदलणारा रिफ्रेश) हा आणखी तिसरा प्रकार, तो जीटीएक्स 16 आणि आरटीएक्स 20 पासून पुढे चालतो. पण ‘2.1’ या आकड्यावरही भरवसा ठेवता येत नाही, कारण त्या मानकातल्या बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत आणि 2.0 एवढ्याच क्षमतेच्या पोर्टवरही 2.1 लिहिता येतं.

त्याच जानेवारी 2019 मध्ये आपल्याकडे दुसरं दार उघडलं, त्याची आठवण मात्र कमी काढली जाते. 31 डिसेंबर 2018 पर्यंत 20 इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर 18 टक्के जीएसटी होता, त्यापुढे 28. म्हणजे 24 आणि 27 इंची, जे गेमिंगचे खरे आकार, ते वरच्या दरात. 1 जानेवारी 2019 पासून ही रेघ 32 इंचांवर गेली. मूळ किंमत 15,000 धरली तर आधी 19,200 पडत होते, नंतर 17,700. कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या पोराच्या बजेटमध्ये 1,500 रुपये म्हणजे डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर की नुसत्या एचडीएमआयचा, एवढा फरक. 34 इंची अल्ट्रावाइड मात्र 28 टक्क्यांतच अडकून राहिला. तो 22 सप्टेंबर 2025 ला 18 वर आला.

2020 ते 2022 कार्डांची टंचाई झाली. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं कार्डावरचं मायनिंग बंद झालं आणि वापरलेली कार्डं बाजारात ओतली गेली. त्यात मॉनिटरही स्वस्त होत गेले, त्यामुळे प्रश्न उलटा झाला. आता मॉनिटर सहज मिळतो, कार्ड त्याला पुरत नाही. 1080पी मध्ये 20.7 लाख पिक्सेल, 1440पी मध्ये 36.9 लाख, 4के मध्ये 82.9 लाख. 1440पी ला कार्डावर पिक्सेलचा भार पावणेदोन पटीहून जास्त पडतो. आरटीएक्स 3050, आरएक्स 6600 यांना 24 इंची 1080पी, 144 ते 180 हर्ट्झ पुरे. आरटीएक्स 4060 सीमेवर आहे: 1440पी चालतं, पण 8 जीबी मेमरीमुळे नव्या गेममध्ये टेक्स्चर (पृष्ठभागांचा तपशील) खाली आणावे लागतात. आरटीएक्स 4070 किंवा आरएक्स 7800 एक्सटी असेल तर 27 इंची 1440पी घ्यावा, त्यावर 1080पी लावणं म्हणजे कार्डाचे पैसे वाया. 27 इंचांवर 1080पी कोणत्याही कार्डाला घेऊ नये, अक्षरं भरड दिसतात.

पॅनेलबद्दल एवढंच की व्हीए प्रकारच्या पॅनेलवर (पडद्यावर) व्हीआरआर चालू असताना लोडिंग स्क्रीन आणि मेनूत उजेड थरथरण्याची तक्रार जास्त येते. अंधाऱ्या गेम खेळणाऱ्याने आधी चालवून बघावा. खोक्यावरचा ‘1 एमएस’ (पिक्सेलचा रंग बदलायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) बहुतेकदा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेल घाईने बदलायची सेटिंग, टोकाला नेऊन किंवा बॅकलाइट लुकलुकवून मोजलेला असतो. त्या सेटिंगवर रोज खेळवत नाही.

घरी आणल्यावर अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. विंडोज नवा 144 चा मॉनिटर पुष्कळदा 60 वरच चालवतं. अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन आकडा हाताने बदलावा लागतो. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक बंद असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंकचा पर्यायच दिसत नाही. तो दिसला की टिक करून गेममध्ये फ्रेमची मर्यादा रिफ्रेशपेक्षा तीन-चारने कमी ठेवायची: 144 ला 141, 75 ला 72. कार्डाच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टमध्ये जाणारी साधी केबल चालत नाही, उलट दिशेने चालते. आणि स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलमध्ये 20 क्रमांकाची पिन जोडलेली असेल तर मॉनिटरमधून 3.3 व्होल्ट उलटे कार्डात येतात. पीसी बंद करून पुन्हा चालू होत नाही, केबल काढली की लगेच होतो. लोक पॉवर सप्लाय बदलतात. बदलायची असते ती केबल.