अर्ली डिसिजन आणि अर्ली ॲक्शन : १ नोव्हेंबरच्या दोन वेगळ्या वाटा

बारावीनंतर थेट अमेरिकेत बिझनेसची पदवी घ्यायचं ठरवलेल्या मुलांसाठी १ नोव्हेंबर ही मोठी तारीख. बऱ्याच विद्यापीठांची लवकरची फेरी त्या दिवशी बंद होते. या फेरीचे दोन प्रकार आहेत, अर्ली डिसिजन आणि अर्ली ॲक्शन. अर्ज लवकर जातो, निकालही लवकर लागतो, म्हणून घरोघरी दोन्ही एकच समजले जातात. पण पहिल्यात तुम्ही शब्द देता, दुसऱ्यात फक्त अर्ज करता.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं (पेन) व्हार्टन किंवा न्यूयॉर्क विद्यापीठाचं स्टर्न या बिझनेस स्कूलमध्ये अर्ली डिसिजन आहे. तो एकाच ठिकाणी करता येतो. प्रवेश मिळाला तर येणारच, आणि बाकी सगळे अर्ज मागे घेणार, अशा करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेतले समुपदेशक असे तिघं सही करतात. निकाल साधारण डिसेंबरच्या मध्यावर येतो. स्टर्नला तर १ जानेवारीची दुसरी अर्ली डिसिजन फेरीही आहे, आणि तीही तितकीच बंधनकारक.

अर्ली ॲक्शनमध्ये असं बंधन नसतं. इंडियाना विद्यापीठाच्या केली स्कूलसाठी १ नोव्हेंबरपर्यंत अर्ज करा, उत्तर आलं की शांतपणे ठेवून द्या, इतर ठिकाणची उत्तरं येऊ द्या आणि १ मेपर्यंत ठरवा. अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी अर्ज करता येतो. बहुतेक वेळा एक अर्ली डिसिजन आणि सोबत चार-पाच अर्ली ॲक्शन हेही चालतं. काही विद्यापीठं मात्र याला अपवाद आहेत, त्यातलंच एक जॉर्जटाउन. तिथला अर्ली ॲक्शन तुम्हाला बांधत नाही, पण तो करताना दुसरीकडे बंधनकारक अर्ज करायला मनाई आहे. म्हणून प्रत्येक विद्यापीठाचं पान स्वतः वाचा. मित्राला लागू असलेला नियम तुम्हाला लागू असेलच असं नाही.

भारतीय घरासाठी खरा फरक पैशाचा आहे, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. अर्ली डिसिजनमध्ये हातात एकच ऑफर असते. दुसऱ्या कॉलेजने किती शिष्यवृत्ती दिली असती, हे कळायच्या आधीच तुम्ही बांधले जाता. मिळालेली मदत खरोखर पुरत नसेल तर कारण दाखवून करारातून सुटता येतं, पण तुलना करून घासाघीस करण्याची संधी गेलेली असते. त्यात व्हार्टनसारख्या ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली, तर प्रवेशाचा निर्णय घेताना ती मागणीही विचारात घेतली जाते. मग 'आत्ता मदत नको असं लिहू, प्रवेश मिळाल्यावर मागू' असा सल्ला हमखास कानावर येतो. तो ऐकू नका. पेनमध्ये अर्ज करताना मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढच्या चारही वर्षांत ती मागता येत नाही.

अर्ली डिसिजनमध्ये निवडीचं प्रमाण जास्त दिसतं, हे खरं आहे. पण त्या आकड्यात खेळाडू म्हणून आधीच हेरलेली मुलं असतात, आणि काही विद्यापीठांत माजी विद्यार्थ्यांची मुलंही. नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या मुलीला तेवढाच फायदा मिळेल असं धरून चालू नये. विद्यापीठाने निर्णय पुढे ढकलून अर्ज नंतरच्या नियमित फेरीत टाकला, तर मात्र बंधन संपतं. त्यानंतर तिथे प्रवेश मिळाला तरी नाही म्हणता येतं. अनेकांना हे माहीत नसतं, आणि ती मुलं उगाच अडकल्यासारखी वाट पाहत राहतात.

माझं मत स्पष्ट आहे. चार वर्षांचा पूर्ण खर्च कुठून येणार याचा हिशेब कर्जासकट कागदावर मांडलेला असेल आणि मुलाच्या मनात खरंच एकच कॉलेज असेल, तरच अर्ली डिसिजन करा. शिष्यवृत्ती किती मिळते त्यावर जाणं-न जाणं ठरणार असेल, तर अर्ली ॲक्शनच करा. केलीसारख्या ठिकाणी शिष्यवृत्तीच्या विचारासाठीही १ नोव्हेंबरचीच तारीख पाळावी लागते.

राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना एक वेगळी अडचण येते. आपल्या बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत समुपदेशक नसतो, आणि बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असल्याने नोव्हेंबरात हातात दहावी-अकरावीचेच गुण असतात. अंदाजित गुण, शिफारसपत्र आणि त्या कराराची सही हे सगळं प्राचार्यांकडून किंवा वर्गशिक्षकांकडून करून घ्यावं लागतं. अनेकांनी ते फॉर्म कधी पाहिलेलेही नसतात. दिवाळीची सुट्टी नेमकी याच दिवसांत येते, तेव्हा कॉलेज बंद असतं. म्हणून ऑगस्टमध्येच सरांना किंवा मॅडमना भेटा, ऑनलाइन फॉर्म त्यांच्यासमोर उघडून दाखवा आणि सही कशावर होते आहे हे त्यांना नीट सांगा.