दोन लिटरची शेळी

मे महिन्यातली सकाळ, गोव्याच्या सत्तरी तालुक्यात वाळपईच्या पुढचा एक वाडा. चुलतभावाला घरच्या दुधासाठी शेळी घ्यायची होती, आणि मी प्राणिशास्त्र शिकवतो एवढ्याच भांडवलावर त्याने मला सोबत नेलं. शेळी काळी होती. नाकपुड्यांपासून कानांपर्यंत दोन पांढरे पट्टे, आणि कास टम्म फुगलेली.

"दोन लिटर देते," मालक म्हणाला. "कास बघा ना."

भावाने कास बघितली आणि त्याचा हात खिशाकडे गेला. मी घड्याळ बघितलं. साडेदहा वाजत आले होते. करडं फळीच्या आड कोंडलेली होती आणि जिवाच्या आकांताने ओरडत होती. सकाळची धार काढलेलीच नव्हती.

बाजारात हे सर्रास चालतं. त्यात शेळीचं शरीर विकणाऱ्याला सामील असतं, ते असं. गायीच्या कासेत दोन धारांच्या मध्ये तयार होणारं बहुतेक दूध वर, दूधग्रंथींच्या बारीक पोकळ्यांत अडकून राहतं. सडांच्या वरच्या मोठ्या पोकळीत, म्हणजे दूध साठण्याच्या टाकीत, जेमतेम पाचवा हिस्सा उतरलेला असतो. बाकीच्यासाठी गायीला पान्हा सोडावा लागतो. शेळीचं याच्या उलट आहे. तिचं सुमारे तीन चतुर्थांश दूध आधीच खाली टाकीत येऊन बसलेलं असतं. म्हणूनच शेळी अनोळखी माणसालाही मुकाट धार देते, आणि एखादी धार चुकली तरी तिचं दूध गायीइतकं चटकन घटत नाही. पण म्हणूनच सोळा-सतरा तास न पिळलेली शेळी बघणाऱ्याला भुलवते. कासेचा आकार बघून शेवटची धार किती वेळापूर्वी काढली तेवढंच कळतं.

आम्ही संध्याकाळी पुन्हा गेलो. सहा वाजता कास पूर्ण मोकळी करायला लावली, ते दूध मोजलं नाही, करडं वेगळी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला धार काढून वजन केलं. मापट्याने मोजलं नाही, कारण ताज्या धारेवरचा फेस मापटं भरतो आणि माणूस खूश होतो. काटा फेसाला भुलत नाही. सकाळी ६४० ग्रॅम, संध्याकाळी ४६० ग्रॅम. चोवीस तासांचं १ किलो १०० ग्रॅम. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असल्याने लिटरमध्ये ते आणखी थोडं कमी भरतं.

मालक ओशाळला नाही. "आज उन्हाने कमी दिलं," म्हणाला. तसं असूही शकतं. एका दिवसाच्या आकड्यावर माझाही फारसा विश्वास नाही.

कारण दूध हा एक आकडा नसतोच, ती एक चढउताराची रेघ असते. व्यायल्यावर चीक संपला की दूध वाढत जातं, चौथ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान शिखर गाठतं आणि मग हळूहळू उतरतं. शिखर किती उंच हे दूध तयार करणाऱ्या पेशी किती आहेत आणि किती जोमाने काम करतात यावर ठरतं. उतार मुख्यतः त्या पेशी एकेक करून गळत गेल्यामुळे येतो. विकणारा नेहमी शिखराचा आकडा सांगतो. घेणाऱ्याच्या घरी मात्र पूर्ण वेत, म्हणजे व्यायल्यापासून दूध आटेपर्यंतचा सगळा काळ येतो.

जगभर दूधनोंदणीची जी साधी पद्धत वापरतात ती कुणालाही वहीत करता येते. महिन्यातून एकदा चोवीस तासांचं दूध तोलायचं, लागोपाठच्या दोन तोलांची सरासरी काढायची आणि मधल्या दिवसांनी गुणायची. समजा, एका शेळीचे पंधराव्या दिवसापासून दर तीस दिवसांचे तोल असे आहेत: १.२, १.६, १.४, १.१, ०.८ आणि ०.५ किलो. पहिले पंधरा दिवस १.२ ने आणि शेवटचे पंधरा ०.५ ने धरले, तर १८० दिवसांत १९८ किलो दूध होतं. दुसरी शेळी कधीच १.३ च्या वर गेली नाही, पण तिचे तोल १.१, १.३, १.२५, १.२, १.१ आणि १.० असे राहिले. तिचं होतं २०८ किलोच्या वर, आणि १८० व्या दिवशीही ती किलोभर देतेच आहे. बाजारात पहिलीला जास्त पैसे मिळतील. पहिलीचा मालक १.६ ला १८० ने गुणून २८८ किलो सांगेल, आणि त्यातले नव्वद किलो कधी कुणाच्या भांड्यात पडणार नाहीत.

या रेघेत आणखी गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिल्या वेताची शेळी कमी देते. तिसऱ्या-चौथ्या वेतापर्यंत दूध वाढतं. म्हणून पहिलटकरणीची तुलना पहिलटकरणीशीच करावी. जुळी करडं पोटात असलेली शेळी पुढे जास्त दूध देते, कारण वारेतून स्रवणारं संप्रेरक कासेची वाढ घडवतं आणि दोन वारांचं बळ एकापेक्षा जास्त. फॅटचंही असंच. शेळीच्या दुधात साधारण ३ ते ५ टक्के फॅट असतं, पण दूध शिखरावर असताना टक्केवारी तळाला असते, आणि एकाच धारेतलं शेवटचं दूध पहिल्यापेक्षा दाट असतं. नमुना घ्यायचा तर सगळी धार एकत्र ढवळून घ्यावा. आणि आपल्याकडे पाऊस! मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये व्यालेल्या शेळीचं शिखर संपतं न संपतं तोच जून येतो. शेळ्या पावसात बाहेर पडत नाहीत, पाला ओला, गोठ्यात दमट, पोटात जंत. सत्तरी तालुक्यातल्या शेळीची रेघ जुलैत खाली आली तर दोष शेळीचा की आभाळाचा, हे वहीत पावसाची नोंद असल्याशिवाय सांगता येत नाही.

आता शरीर. माझ्या मते लोक इथे सर्वांत जास्त चुकतात, कारण आपली नजर मटणावर तयार झालेली आहे. गुबगुबीत, पाठ भरलेली शेळी आपल्याला चांगली दिसते. दुभती शेळी तशी नसते. तिच्या खांद्याची, कमरेची हाडं दिसतात, मान बारीक, कातडी पातळ आणि सैल. फासळ्या चपट्या आणि एकमेकींपासून लांब. दोन फासळ्यांच्या मध्ये बोट बसलं पाहिजे. बाजूने बघा की वरून, ती पाचरीसारखी दिसते, पुढे निमुळती आणि मागे रुंद. खाल्लेलं अंगावर न चढता कासेत उतरतं, त्याची ही खूण. मात्र छाती अरुंद नको, पोट खोल हवं, कारण पाला रिचवायला जागा लागते.

पण रोडावलेली आणि दुभती यांत फरक आहे. तो कळायला खालची पापणी उलटून बघायची. आत गुलाबी-लाल असेल तर ठीक. पांढुरकी असेल तर जठरातला रक्त पिणारा जंत, हीमोन्कस, आपलं काम करतो आहे. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पापणीच्या रंगांचा एक तक्ताच बनवला गेला. फामाचा म्हणतात त्याला, आणि फाफा मलान या पशुवैद्याच्या नावातली अक्षरं त्यात आहेत. आमच्या काळीची पापणी मध्यम गुलाबी होती. मालकाने पापणी बघू दिली, पण मी काहीतरी करणी करतोय असा त्याचा चेहरा झाला.

अमेरिकेतली दुभत्या शेळ्यांची संघटना १९०४ पासून वंशावळी ठेवते. तिच्या गुणपत्रिकेत व्यालेल्या शेळीसाठी १०० पैकी ३५ गुण एकूण बांध्याला, २० दुभतेपणाच्या खुणांना, १० पोट-छातीच्या घेराला आणि ३५ एकट्या कासेला आहेत. कासेला एवढं वजन का, हे आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, शेळ्या चरताना बघितलं की कळतं. कास शरीराला बंधनांनी टांगलेली असते. मधलं बंधन लवचिक असतं, दोन अर्धांच्या मध्ये खाच पाडून कासेला वर धरतं. बाजूची बंधनं चिवट असतात. मधलं सैल पडलं की खाच पुसली जाते, कास लोंबते आणि सड बाहेरच्या बाजूला फाकतात. अशी शेळी जांभ्या दगडाच्या सड्यावर करवंदीच्या जाळीतून निघाली की सडाला काटा लागलाच समजा. जखम, मग कासदाह, मग एक सड कायमचा बंद. म्हणून मागून बघायचं: कास उंचावर, रुंद कमानीने चिकटलेली हवी आणि तिचा तळ मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या वर हवा. बांधा दूध वाढवत नाही. ते किती वेतं टिकेल हे बांध्यावरून कळतं.

कासेची खरी परीक्षा धार काढून झाल्यावर होते. धारेनंतर चांगली कास रिकाम्या कापडी पिशवीसारखी मऊ, सुरकुतलेली होते. काळीची झाली. ज्या कासेत तेव्हाही मांसल गोळा हाताला लागतो, तिच्या आकारात दूध कमी आणि भरताडच जास्त. कठीण गाठ लागली तर जुना कासदाह.

गळ्यातल्या लोंबत्या गोळ्यांकडे बघून काही लोक शेळी दुभती ठरवतात. त्या गोळ्यांना संस्कृतात अजागलस्तन म्हणतात, शेळीच्या गळ्यातले स्तन, ज्यातून काही निघत नाही. मराठीतला 'अजागळ' तिथूनच आला. भाषेने निकाल केव्हाच दिलेला आहे. पाय मात्र बघावेत. चिखलात खूर कुजतात, आणि लंगडी शेळी चरत नाही.

सड मोजावेत. दोनच हवेत. काळीला दोन होते. तिच्या दोन करडांपैकी एक पाट, म्हणजे मादी करडू होती, देखणी, आईसारखेच पट्टे. भावाला तीही हवी होती. तिला उचलून बघितलं तर डाव्या सडाच्या मागे गव्हाच्या दाण्याएवढा तिसरा सड. मी गप्प राहिलो.

उरला वंश. काळीचे पट्टे कोकण कन्याळचे होते. ही तेरेखोल नदीपलीकडची, सिंधुदुर्गातली नोंदणीकृत जात. निळेलीच्या संशोधन केंद्रात तिच्यावर बरंच काम झालं. पण ती मुळात मटणाची, दूध करडांपुरतं. काळीचं नाक मात्र राघूच्या चोचीसारखं बाकदार होतं, म्हणजे मागे कुठेतरी जमनापारी किंवा बीटल यांपैकी एखादी दुभती जात मिसळलेली. अशा संकर शेळीची मुलगी कशी निघेल हे रूप बघून सांगता येत नाही.

दुधाची आनुवंशिकता साधारण ०.३ धरतात. म्हणजे दोन शेळ्यांच्या दुधातल्या फरकाचा जेमतेम तिसरा हिस्सा वंशाचा, बाकी खुराक, वेत, पाऊस, गोठा. आई कळपाच्या सरासरीपेक्षा रोज एक किलो जास्त देत असेल, तर त्यातला ३०० ग्रॅम फरक वंशाचा आणि त्यातला अर्धा मुलीकडे जातो: १५० ग्रॅम. आईच्या कीर्तीवर पाटीचे दुप्पट पैसे मोजणाऱ्याने हा हिशेब करून बघावा. उरलेला अर्धा वंश बोकडाचा, आणि बोकड दूध देत नाही. त्याची परीक्षा त्याच्या आईवरून, बहिणींवरून आणि सर्वांत खात्रीची म्हणजे मुलींवरून होते. एक शेळी वर्षाला दोन-तीन करडं देते, बोकड गावभर करडं देतो. गावात चौकशी नेमकी त्याचीच होत नाही.

भुंड्या जनावरांच्या हौशीचं एक सांगायला हवं. शिंगं नसलेली शेळी मारत नाही म्हणून आवडते. पण भुंडेपणाचं जनुक दोन्हीकडून आलं तर पाट मादी असूनही अर्धवट नर होते, कधीच गाभण राहत नाही. डीएनएतला एक तुकडा गळाल्याने हे होतं, असं २००१ मध्ये सापडलं. म्हणून भुंड्या शेळीला शिंगाचाच बोकड दाखवावा.

मी मालकाला विचारलं, काळीचा बाप कोण? तो हसला. "कुंपणावरून आला असेल कुणीतरी."

"असेल म्हणजे?" आतून आवाज आला. मालकाची आई पदर सावरत बाहेर आली आणि आम्हाला स्वयंपाकघराच्या दारामागे घेऊन गेली. तिथे एकाच खिळ्याला जुनी कॅलेंडरं एकावर एक टांगलेली, सगळ्यांत खालचं धुराने तपकिरी झालेलं. चौकोनांत पेन्सिलीच्या खुणा. शेळी बोकडाला दाखवली की फुली, व्याली की करडांएवढे ठिपके. पाटीचा ठिपका पोकळ, बोकडाचा भरीव. आजी बोटाने दाखवत गेली. काळीची शेवटची फुली ३ नोव्हेंबरला, ठिपके २ एप्रिलला. मोजले, बरोबर १५० दिवस; शेळीचा गाभणकाळ तेवढाच. काळीची तीन वेतं, तिन्हींत जुळी. काळीची आई सहा वेतं जगली आणि दर वेळी तिचा भाकडकाळ दोन महिन्यांच्या आतला. एवढी नोंद मी कुणाच्या गोठ्यात बघितली नव्हती.

"आणि फुलीजवळ हा 'व' कसला, आजी?"

"वरच्या घरचा बोकड. आमच्या शेळ्या त्यालाच दाखवतो. काळी त्याचीच."

"आणि ही करडं?"

"तीपण."

बापलेकीची करडं. जनुकांच्या जोड्यांपैकी जादा २५ टक्के दोन्ही बाजूंनी एकसारख्या होण्याची शक्यता. एरवी झाकून राहणारे दोष अशाच ठिकाणी वर येतात.

वरच्या घरी बोकड बाभळीच्या खुंटाला बांधलेला होता, दाढी पिवळी, वास वाटेवरच लागलेला. भावाने त्याची शिंगं धरली, मी खाली वाकलो. बोकडालाही सड असतात, बारीक. ते कुणी मोजत नाही. चार होते.

भावाने काळीचा दोर सोडून घेतला, किलोभराच्या भावाने पैसे दिले. पाट दारात उभी राहून ओरडत होती.