स्वतः गाडी चालवत युरोप: शेंगेन व्हिसा, आंतरराष्ट्रीय परमिट आणि भाड्याच्या गाडीची कागदपत्रं

टूर कंपनीबरोबर गेलात तर कागदांची काळजी बहुतेक कंपनीच करते. स्वतः गाडी चालवत चार देश फिरायचे असतील, तर प्रत्येक कागद तुमचाच. म्हणून अर्जाला हात लावण्याआधी एका पानावर तक्ता काढा: तारीख, रात्रीचा मुक्काम, देश. पुढचं जवळजवळ सगळं या पानावरून ठरतं.

आमचं पान असं होतं. म्युनिक २ रात्री, साल्झबुर्ग ३, स्लोव्हेनियातलं ब्लेड २, इटलीत कोर्टिना २, इन्सब्रुक २ आणि परतीच्या विमानाआधी पुन्हा म्युनिक १. विमान उतरणार जर्मनीत, परतीचंही तिथूनच, म्हणून घरात सगळे जर्मनीचा व्हिसा धरून चालले होते. मोजलं तेव्हा जर्मनीच्या ३ रात्री निघाल्या आणि ऑस्ट्रियाच्या ५. नियम सरळ आहे: ज्या देशात मुक्काम सर्वात जास्त, त्याच देशाकडे अर्ज. मुक्काम सारखेच निघाले, तर जिथून प्रथम प्रवेश करणार तो देश. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करून मुक्काम त्याप्रमाणे फिरवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. बुकिंग आणि अर्ज जुळले नाहीत, तर नकाराला कारण आपणच दिलेलं असतं.

शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत आणि एका व्हिसावर ते सगळे फिरता येतात. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत जाऊ शकतात. उन्हाळी सुट्टीत जायचं असेल तर तीन महिने हाताशी ठेवाच. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट मागच्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा.

सोबत लागतं ते असं: भरलेला फॉर्म, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, विमानाचं आरक्षण, प्रत्येक रात्रीचं हॉटेल बुकिंग, बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, नोकरदारांना पगाराच्या स्लिपा आणि रजेचं पत्र, व्यवसाय असेल तर त्याची नोंदणी. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि पूर्ण मुक्काम झाकणारा. आमच्या एजंटाने विमा एक दिवस उशिरा सुरू होणारा काढला होता. काउंटरवर जाण्याच्या आदल्या रात्री पॉलिसी हातात घेऊन तारखा वाचल्या म्हणून सापडलं. रोड ट्रिपसाठी कव्हरिंग लेटर जरा मन लावून लिहा. रोजचा मार्ग, गाडी कोण चालवणार, गाडीचं आरक्षण, सगळं त्यात येऊ द्या. एका गावाहून दुसऱ्या गावाला कसे जाणार, हा प्रश्नच उरत नाही.

व्हिसा मिळाल्यावर एंट्रीचा रकाना बघा. तिथे १ असेल, तर शेंगेनबाहेर पाऊल पडलं की व्हिसा संपला. क्रोएशियात डुब्रोव्हनिकपर्यंत गाडीने जाणाऱ्यांना हे फार महत्त्वाचं. किनाऱ्याचा जुना रस्ता नेउमजवळ बोस्नियातून जातो आणि बोस्निया शेंगेनमध्ये नाही. २०२२ मध्ये पेल्येशाचचा पूल झाल्यापासून क्रोएशियातूनच जाता येतं. मॅप लावताना तोच रस्ता निवडा.

आता आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट. हे आपल्याच आरटीओकडून मिळतं. परिवहनच्या सारथी पोर्टलवर नमुना ४-अ भरायचा, चालू परवाना आणि पासपोर्ट जोडायचा, १,००० रुपये भरायचे. परमिट एक वर्ष चालतं, परवाना त्याआधी संपत असेल तर तोपर्यंतच. २०२१ पासून त्यासाठी व्हिसा आणि वैद्यकीय दाखल्याची अट राहिलेली नाही, त्यामुळे व्हिसाची वाट बघत बसू नका. अडकतं ते नावावर. परवान्यावर ‘आर. एस.’ अशी आद्याक्षरं आणि पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, हे आपल्याकडे घरोघरी आहे. आधी परवान्यावरचं नाव दुरुस्त करून घ्या, मग परमिटचा अर्ज.

परमिट म्हणजे परवान्याचं भाषांतर. एकट्याने ते उपयोगाचं नाही. मूळ कार्ड सोबत हवंच. मोबाइलमधल्या डिजिलॉकरच्या भरवशावर जाऊ नका.

गाडी घेताना मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, कारण डिपॉझिट त्यावर अडकवून ठेवतात. दोघं चालवणार असाल तर दोघांचीही नावं करारावर आणि दोघांकडेही परमिट. कोणकोणत्या देशांत गाडी नेणार हे बुकिंगच्या वेळीच सांगून लेखी घ्या. न सांगता सीमा ओलांडली तर गाडीचा विमाच लागू राहणार नाही, अशी वेळ येऊ शकते. मूल असेल तर सीट आधीच मागा. ऑस्ट्रियात १४ वर्षांखालच्या आणि १३५ सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलांना ती सक्तीची आहे.

टोलचं गणित देशागणिक बदलतं. जर्मनीत कारला ऑटोबानवर टोल नाही. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात व्हिन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा पास. तो ऑनलाइन घेताना गाडीचा नंबर लागतो, म्हणून गाडी ताब्यात आल्यावरच घ्या. साल्झबुर्गहून ब्लेडला जाताना टाउर्न आणि कारावांकेन बोगद्यांचा, परतताना ब्रेनरचा टोल त्याशिवाय वेगळा. इटलीत अंतरानुसार, आपल्या एक्स्प्रेस वेसारखा.

इटलीतल्या जुन्या शहरांच्या गाभ्यात ‘झेडटीएल’ असते, तिथे परवानगीशिवाय बाहेरची गाडी चालत नाही. फाटक नसतं, फक्त कॅमेरा. नोटीस कित्येक महिन्यांनी घरच्या पत्त्यावर येते आणि गाडीवाले तुमची माहिती दिल्याचे पैसे वेगळे कापतात. हॉटेल त्या भागात असेल तर पोहोचण्याआधीच फोन करून गाडीचा नंबर नोंदवून घ्या.