सुवार्ता कशासाठी सांगायची? एका आज्ञेची पार्श्वभूमी

ख्रिस्ती माणूस सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताविषयीची आनंदाची बातमी, का सांगतो, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: धर्मांतरासाठी. हे उत्तर अपुरे आहे आणि या अपुरेपणाची किंमत खुद्द मंडळीने (चर्चने) वेळोवेळी मोजली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी (२८:१८-२०) येशूने शिष्यांना दिलेली जी आज्ञा येते, तिचा गाभा शिष्य करण्याचा आहे. जाणे, बाप्तिस्मा (पाण्याने मंडळीत प्रवेश देण्याचा विधी) देणे आणि शिकवणे ही त्या कामाची तीन अंगे. त्यातले एकच अंग सुटे काढून मोजायला घेतले की सगळे काम बिघडते.

सांगायचे काय, हे आधी पाहू. येशूने गालीलात केलेली घोषणा मार्काने थोडक्यात दिली आहे: काळ पूर्ण झाला आहे, देवाचे राज्य जवळ आले आहे, पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा. येशू मरणातून उठल्यानंतर, म्हणजे पुनरुत्थानानंतर, ज्याने घोषणा केली तोच घोषणेचा विषय झाला. पहिल्या पिढीतला प्रेषित पौल याने इ. स. ५५ च्या सुमारास करिंथच्या मंडळीला लिहिताना तिचे चार भाग सांगितले: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला आणि लोकांना दिसला. पुढे केफापासून (पेत्रापासून) पाचशे बंधूंपर्यंत साक्षीदार मोजले. म्हणजे ही घडलेल्या गोष्टीची बातमी आहे आणि बातमी कुणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही. रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल हेच विचारतो: ज्याच्याविषयी ऐकले नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवतील? सुवार्ता सांगण्यामागचे मूळ कारण हे आहे. ऐकणाऱ्याला ऐकण्याची संधी मिळावी. उत्तर त्याने स्वतः द्यायचे. ख्रिस्ताने आपल्याला बाप्तिस्मा करायला नव्हे, तर सुवार्ता सांगायला पाठवले, असेही पौलाने त्याच करिंथकरांना बजावले आहे.

पहिल्या पिढीतच गफलती कशा होत, याचा उत्तम नमुना लुस्त्र गावात दिसतो (प्रेषितांची कृत्ये १४). जन्मापासून पांगळा असलेला माणूस उठून चालू लागला, तेव्हा लोक लुकवनी भाषेत ओरडले की देव माणसांच्या रूपाने खाली आले आहेत. पौलाचा सोबती बर्णबा याला त्यांनी झ्यूस ठरवले, पौलाला हर्मेस; हे दोघे ग्रीक देव. पुजारी बैल आणि फुलांच्या माळा घेऊन वेशीशी आला, तेव्हा कुठे या दोघांनी कपडे फाडून गर्दीत उडी घेतली. आधी ते गप्प का होते? लोक काय बोलत होते ते त्यांना समजले नसावे, असेच दिसते. चमत्कार पोचला, संदेश पोचला नाही. तिथे पौलाने यहुदी शास्त्राचा आधार न घेता पाऊस, पीक आणि अन्न यांपासून बोलायला सुरुवात केली. पुढे अथेनैत ‘अज्ञात देवाला’ वाहिलेल्या वेदीपासून. श्रोता जिथे उभा आहे तिथून सुरुवात, हा नियम या प्रसंगांतून मिळतो.

पुढच्या दोन शतकांत घाई टाळण्याची व्यवस्था उभी राहिली. ‘प्रेषितीय परंपरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन मंडळी-नियमांत बाप्तिस्म्याआधी तीन वर्षे शिकवणी सांगितली आहे. इच्छुकाला आणणाऱ्याने त्याच्याविषयी साक्ष द्यायची, त्याचा धंदा कोणता ते तपासायचे, आणि आस्था असेल तर वर्षांपेक्षा वागणूक पाहायची. राजसत्ता जवळ आली तशी ही शिस्त ढिली पडली. ३८० मध्ये ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. चार शतकांनी फ्रँक राजा शार्लमेन याने जिंकलेल्या सॅक्सन लोकांसाठी कायदा केला, त्यात बाप्तिस्मा नाकारणाऱ्याला मृत्युदंड होता. त्याच्याच दरबारातला विद्वान अल्क्विन याने ७९६ मध्ये लिहून विरोध केला. त्याचा मुद्दा मत्तयाच्या त्याच आज्ञेवर उभा होता: आधी शिकवा, मग बाप्तिस्मा द्या, मग पुन्हा शिकवा. श्रद्धा स्वेच्छेची असते. माणसाला तिच्याकडे ओढून घेता येते, ढकलता येत नाही. नव्या लोकांच्या मानेवर दशमांशाचे (उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला देण्याचे) ओझे टाकल्यानेही श्रद्धा मोडते, हे त्याने स्पष्ट सांगितले. मिशनकार्याच्या इतिहासात इतके स्वच्छ लिहिलेले मला फार थोडे सापडते.

पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात हीच चूक पुन्हा झाली. देवळे पाडली गेली, १५६० पासून इन्क्विझिशन (धर्मविरोधाची चौकशी करून शिक्षा देणारे न्यायालय) आले, आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळीत संतापलेल्या गावकऱ्यांच्या हातून पाच जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक संघाचे सदस्य) मारले गेले. कुंकळ्ळी ज्या भागात येते त्याच साष्टीत काम करणाऱ्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने वेगळा मार्ग धरला. लोकांची जुनी पुराणे काढून घेतली, त्यांच्या जागी वाचायला काय देणार, हा प्रश्न त्याच्या ग्रंथाच्या मुळाशी आहे. १६१६ मध्ये राचोलला रोमन लिपीत छापलेले ‘क्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. मराठी वळणाची ओवी, प्रश्न विचारणारा श्रोता, उत्तर देणारा गुरू. ज्या राजवटीच्या छायेत तो लिहीत होता ती बळाची होती, हे विसरून त्याचा गौरव करता येत नाही. पण समजावून सांगणे म्हणजे काय, हे मराठीला त्याने दाखवले.

प्रॉटेस्टंट जगात अडचण उलटी होती. मत्तयातली ती आज्ञा प्रेषितांपुरतीच, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांपुरतीच होती, असे मानून बरेच जण स्वस्थ बसले होते. इंग्रज बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम केरीने १७९२ च्या पुस्तिकेत हे खोडून काढले: आज्ञा प्रेषितांपुरती असेल, तर बाप्तिस्माही त्यांच्यापुरताच म्हणावा लागेल. बंगालमधल्या श्रीरामपूरहून त्याने १८११ मध्ये मराठी नवा करार मोडी लिपीत काढला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत धाडण्याच्या बेतात होते. हॉल बाजारांत, देवळांच्या आवारात रोज बोलत असे. १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्याने तो गेला. त्याच वर्षी अमेरिकन मिशनने मराठी नवा करार छापून पुरा केला.

शाळा हे पुढचे साधन. मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टात गेले आणि पालकांनी मुले भराभर काढून घेतली. पालकांनी मुलगा शिकायला पाठवला होता. मिशन त्याच्या आत्म्याचा विचार करत होते. दोन हेतू एकाच बाकावर बसले की विश्वास आधी तुटतो. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर, म्हणजे विधवांसाठी काढलेल्या शाळेवर, १८९३ मध्ये उठलेले वादळही याच जागी होते: धर्मशिक्षण देणार नाही असे ठरले होते, आणि मुली स्वतःहून रमाबाईंच्या प्रार्थनेला बसत होत्या.

दुष्काळाने प्रश्न आणखी टोकाला नेला. १८७६-७८ च्या दुष्काळात मिशनच्या कामावर रोजगार मिळे, धान्य मिळे, आणि त्याच वेळी महार-मांग वस्त्यांतून बाप्तिस्म्यासाठी विचारणा वाढली. या लोकांना सन्मानाने हाक मारणारे दुसरे कोण होते, हा प्रश्न खराच आहे. ‘पोटासाठी आले’ एवढे म्हणून त्यांचा निर्णय उडवून लावणे मला अन्यायाचे वाटते. तरीही धान्य देणारा हात आणि बाप्तिस्मा देणारा हात एकच असला की देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही हेतू ओळखता येत नाही. तेलुगू मुलखात ओंगोलला अमेरिकन मिशनरी जॉन क्लॉ यांनी यावर उपाय केला: मदतकार्य चालू असेपर्यंत बाप्तिस्मे थांबवले. नंतर ३ जुलै १८७८ रोजी एका दिवसात २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगरकडे १८६० च्या दशकात कृष्णराव सांगळे यांनी कीर्तन हाती घेतले. घाट ओळखीचाच: नमन, पूर्वरंगात शास्त्रातल्या एका वचनाचे निरूपण, मध्यंतरी भजन, उत्तररंगात आख्यान, जसे उधळ्या पुत्राचे (वाटा उधळून घरी परतणाऱ्या मुलाच्या येशूने सांगितलेल्या गोष्टीचे), आणि शेवटी प्रार्थना. रस्त्यावरच्या व्याख्यानाला लोक पाच मिनिटे थांबत. कीर्तनाला घोंगडी घेऊन बसत. आख्यानातला बाप मुलाला पाहून धावत सुटतो, तिथे श्रोत्याला अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी ही वाट रुंद केली. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती.

विसाव्या शतकात हे धडे दस्तऐवजांत उतरले. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी मिशनकार्यावरचा आदेश काढला. त्यात कुणालाही बळाने किंवा अनुचित मार्गाने भुलवून श्रद्धेकडे आणण्यास मनाई आहे. भारतात राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने धर्मप्रसाराचा हक्क दिला. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची मर्यादा सांगितली: आपल्या धर्माची तत्त्वे मांडण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा मूलभूत हक्क नाही.

कॅथलिक चर्चने १९७२ मध्ये प्रौढांसाठी जुना टप्प्याटप्प्याचा विधी पुन्हा सुरू केला. आधी चौकशीचा काळ, मग शिकवणीसाठी स्वीकार, उपवासकाळाच्या आरंभी निवड, आणि साधारणतः पुनरुत्थान-रविवारच्या आदल्या रात्री स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा. प्रत्येक टप्प्यावर उमेदवाराला जाहीरपणे विचारले जाते की त्याला पुढे जायचे आहे का. तो थांबू शकतो.